दहा मोजायच्या आत

टेबलावर आठ वस्तू होत्या. पाच बटणांचा सदरा, कंगवा, दात घासायचा ब्रश, चमचा, झाकण घट्ट बसवलेली बाटली, रुमाल, किल्ली आणि दोन तृतीयांश भरलेला काचेचा पेला. तपासनिसाने त्या एका ओळीत मांडल्या, पेल्यातलं पाणी खुणेच्या रेघेला टेकलंय का ते वाकून पाहिलं, आणि केसभर कमी वाटलं म्हणून स्वतःच्या बाटलीतून थोडं वाढवलं.

"झकास भातुकली मांडलीत," खुर्चीतले काका म्हणाले. त्यांची जीभ अजून थोडी जड होती, बोलताना ओठांचा उजवा कोपरा मागे राहायचा. "आता जेवायला कोण कोण येणार ते सांगा."

तपासनीस हसला नाही. उर्मट होता असं नाही. त्याला हसायची परवानगी आहे की नाही हेच त्याला ठाऊक नसावं. "आठ कामं या वस्तूंची," तो म्हणाला, "आणि दोन हालचाली. पलंगावरून खुर्चीत येणं आणि खुर्चीतून उभं राहणं. एकूण दहा. स्वतः केलं तर दोन गुण, मदतीने केलं तर एक, नाही जमलं तर शून्य. हाताची कामं उजव्या हातानेच. मध्ये कुणी बोलायचं नाही."

"आणि शिंक आली तर?"

"अप्पा," स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्या एका शब्दात बरंच काही होतं. ती बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची; आज रजा काढली होती, तरी नखांच्या कडांना पीठ होतंच. तिच्या मागे मदतनीस मावशी उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.

थेरपिस्ट काकांच्या उजव्या बाजूला, एक पाऊल मागे उभी होती. दोन्ही हात पाठीमागे, डाव्या मुठीत उजवं मनगट.

असं उभं राहायला तिला शिकाऊ असताना शिकवलं होतं. थेरपी केंद्रातल्या ज्येष्ठ बाईंनी, ज्यांना सगळे पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत, पहिल्याच आठवड्यात तिच्या हातावर चापट मारली होती. एक आजोबा मोजा घालायला धडपडत होते आणि हिने पटकन वाकून तो टाचेवर ओढून दिला होता. "घाई कुणाला होती? त्यांना की तुला?" मोजपट्टी म्हणाल्या होत्या. "हात मागे बांध आणि दहा मोज. दहाच्या आत मदत केलीस तर ती मदत नाही, चोरी आहे. त्यांचं काम तू चोरलंस." पुढे पुस्तकात तिला याचं कारणही सापडलं. पक्षाघाताचा झटका आलेल्या मेंदूतून निघालेला निरोप नेहमीच्या वाटेने जाऊ शकत नाही, आडवाट शोधत जातो. उशीर होतो म्हणजे तो निघालाच नाही असं नव्हे. गेल्या सहा वर्षांत तिने किती वेळा दहा मोजले असतील याचा हिशेब नव्हता. बहुतेक वेळा आठ-नऊच्या सुमाराला समोरचा हात हलायचा.

काकांनी मात्र दुसऱ्याच भेटीत तिला पकडलं होतं.

"मनात काहीतरी मोजतेस तू," ते म्हणाले होते. "ओठ हलतात. कॉपी करणाऱ्या पोरासारखे."

तेव्हापासून ते दोघं मिळून मोजायचे, ती मनात आणि ते पुटपुटत.

बत्तीस वर्षं त्यांनी बंदरावर क्रेन चालवली होती. खिडकीच्या चौकटीत, समोरच्या गोदामांच्या छपरांवरून, अजूनही तीन क्रेनच्या माना दिसायच्या, आणि व्यायाम चालू असताना काकांचं अर्धं लक्ष तिकडे असायचं. "बघ, बघ त्या गाढवाला! कसा झुलवतोय! खाली माणसं आहेत की भोपळे?" मग ते तिला समजावून सांगायचे. पेटी हुकात अडकली की लगेच उचलायची नसते. आधी दोर ताणून घ्यायचा. मग वीतभर वर घ्यायची आणि थांबायचं. वजन झुलतं. तो झुला मरू द्यायचा. तो मेला की पेटी हवी तिथे न्या, लोण्यासारखी जाते. "नव्या पोरांना ते थांबणंच जमत नाही. त्यांना वाटतं, खालचे म्हणतील, याला येत नाही. म्हणून हिसका देतात. अरे बाबा, थांबणं हेच तर काम आहे."

तिने ते सगळं वहीत न लिहिता लक्षात ठेवलं होतं, आणि पेल्याचा व्यायाम शिकवताना त्यांचेच शब्द त्यांना परत दिले होते. आधी बोटं ताणून घ्या. वीतभर उचला. थांबा. झुला मरू द्या.

अकरा महिने पाणी सांडलं. टेबलावर, मांडीवर, एकदा तिच्या बुटात. "बोटीला भोक पडलं," काका म्हणायचे आणि मावशी फडकं आणायच्या. या गुरुवारी सकाळी, हात सरळ ठेवणारा रात्रभरचा स्प्लिंट काढून हात मोकळा असताना, पेला वीतभर वर गेला, अधांतरी थांबला, पाण्याची थरथर संपली, आणि मग तो ओठांपर्यंत गेला. काकांनी दोन घोट घेतले. पेला खाली ठेवला. थेरपिस्टच्या मनातला आकडा नऊ होता.

 मावशींनी उगाचच कोरडं टेबल पुसलं.

"लेकीला सांगू नका," मग काका म्हणाले. "दोघींनीही. मी दाखवीन. ती कामावरून येते तोवर हा हात ओंडका झालेला असतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी दाखवीन. तिला वाटतं, बापाच्या हातात काही उरलं नाही."

शुक्रवारी केंद्रात फोन आला: शनिवारी तपासणी.

नवी पद्धत कळून दोन महिने झाले होते. आधी अनुदान माणसाच्या गरजेवर मिळायचं, आता गुणांवर मिळणार होतं. बारा किंवा अधिक गुण आले की माणूस स्वावलंबी, मदतनीस बंद. बाराच्या खाली राहिला तर मदतनीस चालू, पण थेरपीच्या आठवड्याच्या भेटी दोन्ही प्रकारच्या माणसांच्या बंद. सहा महिन्यांतून एकदा येऊन पाहणी करायची आणि घरच्यांना सूचना द्यायच्या. ज्या कुणी हे ठरवलं होतं तो उंटावर बसून शेळ्या हाकत होता, असं केंद्रात सगळेच म्हणाले. म्हणून झाल्यावर सगळे आपापल्या रुग्णांचे गुण मनातल्या मनात लावून पाहायला लागले. थेरपिस्टनेही काकांचे लावले होते. गुरुवारपर्यंत ते अकरा भरत होते.

शुक्रवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. मागे भांडी वाजत होती.

"ताई, तुम्ही सांगा ना त्यांना. माझं ऐकत नाहीत. मी म्हटलं, अप्पा, उद्या हात दाखवून अवलक्षण करू नका. तर म्हणतात, खोटं वागू का? बत्तीस वर्षांत हातातून एक पेटी सुटली नाही म्हणे. आता पेट्यांचं काय घेऊन बसलेत?" तिने आवाज खाली आणला. "मावशी बंद झाल्या तर माझी पाळी गेली. पाळी गेली तर भाडं कुठून भरू? मग त्यांना निवासी केंद्रातच ठेवावं लागेल. मी जाऊन बघून आले, ताई. एका खोलीत आठ पलंग. दुपारी चारला जेवण देऊन आडवं करतात, ते सकाळपर्यंत. पाणी मागायला घंटा आहे. मी उभी होते तेवढ्या वेळात एक घंटा वाजत होती. कुणी आलं नाही."

"मी बघते," थेरपिस्ट म्हणाली होती. काय बघणार हे लेकीने विचारलं नाही, आणि हिनेही सांगितलं नाही.

आता तपासनिसाने पाटीसारखा टॅब मांडीवर घेतला आणि कामं सुरू झाली.

पलंगावरून खुर्चीत यायला मावशींनी कमरेला हात दिला. एक गुण. उभं राहायला लेकीचा खांदा लागला. एक. केस काकांनी स्वतः विंचरले, उरले होते तेवढे. "हे काम देवानेच सोपं करून ठेवलंय," असं म्हणून त्यांनी टकलावरून कंगवा फिरवला आणि नियम मोडला म्हणून तपासनिसाकडे पाहून जीभ चावली. दोन. ब्रशवर पेस्ट दुसऱ्याने लावून द्यावी लागली. चमचा तोंडापर्यंत नेताना लेकीने कोपराला टेकू दिला. बाटलीचं झाकण हललंच नाही, त्याचं शून्य. सदऱ्याची तीन बटणं लागली, खालची दोन मावशींनी लावली. रुमालाची घडी मात्र त्यांनी कडेला कड जुळवून घातली आणि वर तळहात फिरवून ती बसवली. दोन. किल्ली कुलपात गेली पण फिरेना. लेकीने मनगट धरल्यावर फिरली.

नऊ कामं झाली. दहा गुण झाले. थेरपिस्टला बेरीज करायला पडद्याकडे पाहावं लागलं नाही.

"शेवटचं," तपासनीस म्हणाला. "पाणी पिणं. उचलता येईल?"

लेकीने दारातून बापाकडे पाहिलं. मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही खुणावलं नाही. नुसती पाहत राहिली, बस चुकू नये म्हणून वळणाकडे पाहावं तशी.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग थेरपिस्टकडे. त्यांचा चेहरा गुरुवारचाच होता.

"उचलतो की," ते म्हणाले.

बोटं पेल्याभोवती गेली. करंगळी मागे राहिली, मग तीही गेली. एक. काकांचे ओठ हलत होते. दोन. बोटं ताणली गेली, नखांखालचा गुलाबी रंग पांढरा झाला. पेला टेबलावरून सुटला. तीन. वीतभर वर गेला आणि थांबला. पाणी काठाकडे कललं, परत फिरलं, पुन्हा कललं. हात थरथरत होता. माहीत नसलेल्या माणसाला वाटलं असतं, आता पडणार. तपासनिसाचं बोट पडद्यावर अधांतरी होतं. लेकीने दाराची चौकट धरली होती.

थेरपिस्टला माहीत होतं. झुला मरत होता. पाण्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लहान होती, तिला ते दिसत होतं.

चार.

तिने पाठीमागची मूठ सोडली, एक पाऊल पुढे आली आणि काकांच्या कोपराखाली तळहात ठेवला.

त्या कोपरात वजन नव्हतं. तिच्या हातावर काहीच आलं नाही. एखादी वस्तू उचलायला जावं आणि ती आतून पोकळ निघावी तसं झालं. हात तिच्या तळहाताच्या वर, स्वतःच्या बळावर, होता तिथेच होता. मग काकांना तो स्पर्श कळला, आणि पुढच्या क्षणी कोपराचं सगळं वजन तिच्या हातात आलं. पेला ओठांपर्यंत गेला तो तिने नेला. एक घोट आत गेला, एक हनुवटीवरून गळपट्टीत उतरला.

"मदतीने," तपासनीस म्हणाला आणि बोट टेकवलं. "एकूण अकरा. मदतनीस चालू राहील."

मावशींनी पदराचं टोक सोडून दिलं. लेक झपाझप आली, बापाच्या मागे उभी राहून तिने दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि गाल टकलाला लावला. तिचे डोळे भरले होते.

"असू दे अप्पा," ती म्हणाली. "नाही जमलं तर नाही जमलं. होईल हळूहळू."

काका रुमाल घेऊन डाव्या हाताने हनुवटी पुसत राहिले. त्यांनी मघाशी घातलेली घडी मोडली. लेक तपासनिसाला चहाचं विचारायला वळली तेव्हा त्यांनी थेरपिस्टकडे न बघता, खिडकीकडे बघत म्हटलं,

"चारच झाले होते, पोरी."

जिन्यात तपासनीस तिच्याबरोबर उतरला. तरुणच होता, तिच्याच वयाचा असेल. दुसऱ्या मजल्यावर त्याने बुटाची नाडी बांधायला पाय पायरीवर टेकवला.

"तुम्ही हात लावलात," तो खाली मान घालून म्हणाला.

"हो."

"लावायचा नसतो."

"माहीत आहे."

"लावला तर मी 'मदतीने' लिहायचं, एवढंच मला सांगितलंय. का लावला, हे लिहायला जागा नाही." त्याने दुसऱ्या बुटाची, घट्ट असलेली, नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "या आठवड्यातलं हे सहावं घर. सगळीकडे असंच. मी पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचो. मापताना मापणाऱ्याने तराजूला हात लावायचा नाही, असं पोरांना सांगायचो."

"मग आज काहीच का बोलला नाहीत?"

"मध्ये कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे," तो म्हणाला, आणि खरोखर काही न बोलता उरलेले जिने उतरला.

लेक फाटकापर्यंत धावत आली. हातात कागदात गुंडाळलेला पाव होता, अजून कोमट.

"हा घ्या. नाही म्हणू नका," ती म्हणाली. "काल रात्री मला झोप नव्हती. मला वाटत होतं, हे उचलतील. ओळखते मी त्यांना, हट्टाला पेटले की काहीही करतील. उचलला असता तर..." ती हसली आणि मनगटाने नाक पुसलं. "मेलं मन बघा ना, ताई. स्वतःच्या बापाचा हात उचलला जाऊ नये म्हणून रात्रभर जागले. आणि आज खरंच नाही उचलला गेला तर रडू आलं."

थेरपिस्टने पाव पिशवीत ठेवला. तोंड उघडलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ती थांबली.

"रात्रीचा स्प्लिंट सोडू नका," ती म्हणाली. "आणि घास त्यांचा त्यांनाच घेऊ द्या. कितीही वेळ लागला तरी."

"हो हो," लेक म्हणाली. "मी मावशींना सांगते."

सोमवारी केंद्रात मोठ्या खोलीतलं सामान लहान खोलीत हलवायचं काम चालू होतं. मोठी खोली आता दुसऱ्या खात्याला जाणार होती. मोजपट्टी खिडकीपाशी उभ्या राहून थंड झालेला चहा पीत होत्या. तीन महिन्यांनी त्या निवृत्त व्हायच्या होत्या.

"माझे सगळे बाराच्या खाली राहिले," थेरपिस्ट म्हणाली. "नऊच्या नऊ."

"माझेही." मोजपट्टींनी कपाच्या तळाशी पाहिलं. "परवा एका बाईंच्या केसांतून मी कंगवा काढून घेतला. त्या विंचरत होत्या चांगल्या. माझ्याकडे अशा बघायला लागल्या..." 

"तुम्ही मला चापट मारली होतीत."

"आठवतंय. जोरात लागली होती का?"

"नाही."

"जोरात मारायला हवी होती," मोजपट्टी म्हणाल्या. मग कप खिडकीत ठेवून त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं. "चल, उचल. तू त्या बाजूने."

पुढे कामाची रीत बदलली आणि सगळ्यांना तिची सवय झाली. आठवड्याला नऊ घरांऐवजी थेरपिस्टच्या वाट्याला आता सहा महिन्यांत एकशे तीस घरं आली. एका घरात चाळीस मिनिटं. सूचना द्यायच्या, मापं घ्यायची, पुढे जायचं. ती नकाशा पाहून घरांचा क्रम लावायला शिकली, कारण एक बस चुकली तर एक माणूस चुकायचा. हात पाठीमागे बांधून उभं राहायची तिची सवय आपोआप सुटली. बांधायला वेळच नव्हता.

काकांची पाळी आली तेव्हा सात महिने झाले होते. एक भेट पुढे ढकलली गेली होती.

दार मावशींनी उघडलं. खोली आधीपेक्षा नीटनेटकी होती. टेबल भिंतीला लावून त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या. काका खुर्चीतच होते, दाढी छान केलेली, स्वच्छ सदरा, पाचही बटणं लावलेली. उजवा हात पोटाशी दुमडून घेतला होता, मूठ आत वळलेली, एखादं पाखरू सदऱ्यात धरून बसावं तसा. खुर्ची दाराकडे तोंड करून होती.

"या मॅडम," ते म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली. मग पिशवी खाली ठेवली.

"कसे आहात, काका?"

"चांगलंय. सगळं करतात या."

"जेवण?"

"भरवते मी," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "आधी अर्धा तास लागायचा, अंगावर सांडायचं, मग सदरा बदला, पुन्हा धुणं. मला पण रोजच्या चार तासांतच सगळं उरकायचं असतं ना. आता दहा मिनिटांत होतं. काका पण काही कुरकुर करत नाहीत. आधी किती हट्ट करायचे!"

"आणि स्प्लिंट?"

"दुखतो म्हणाले," मावशी म्हणाल्या. "म्हणून मग..." त्यांनी कपाटाच्या वरच्या बाजूकडे पाहिलं.

लेक आज घरी होती. तिची पाळी आता दुपारची झाली होती, हाताखाली दोन मुली होत्या, पगारही थोडा वाढला होता. तिचा चेहरा भरला होता. ती स्टूल ओढून बापाजवळ बसली, त्यांच्या सदऱ्यावरचा दोरा उचलून टाकला.

थेरपिस्टने दहाही कामांचे गुण घेतले. आता तपासनीस येत नसे. तो टप्पा रद्द झाला होता. कामं थोडक्यात उरकली. बहुतेक ठिकाणी काकांनी वस्तूकडे पाहिलं आणि मग मावशींकडे पाहिलं, आणि मावशी आपसूक पुढे आल्या. कंगव्यापाशी त्या पुढे येईपर्यंत काका नुसते बसून राहिले. पेला त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा थेरपिस्टने आपणहून एक पाऊल मागे घेतलं. बराच वेळ गेला. काकांनी डोळे मिटले होते. पेल्याची वाट पाहत होते की ती जाण्याची, ते कळत नव्हतं.

"दमले ते," लेक म्हणाली.

"किती झाले?" लेकीनेच थोड्या वेळाने विचारलं.

"चार."

"म्हणजे मदत चालूच ना?"

"हो. चालू राहील. आता प्रश्नच येणार नाही."

"चला," लेक म्हणाली आणि बापाच्या गुडघ्यावर थोपटलं. "ऐकलंत ना अप्पा? सुटलो आपण."

"ऐकलं," काका म्हणाले.

खिडकीबाहेर एका क्रेनची मान वळत होती. पेटी जोरात झुलली, खाली कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. काकांनी मान वळवली नाही.

आता फक्त कोपराचं माप राहिलं होतं. थेरपिस्टने कोनमापक काढला. पारदर्शक, दोन लांब पात्यांचा, मध्ये अंशांची चकती. ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. एक हात कोपराच्या वर, एक मनगटावर ठेवून तिने काकांचा हात हळूहळू त्यांच्या पोटापासून सोडवला. सदरा त्या जागी घामाने ओला होता. हात थोडा उघडला आणि अडला. ती अडलेल्या जागीच थांबली, स्नायू सैल पडायची वाट पाहिली, पुन्हा थोडं ताणलं. काकांच्या नाकातून श्वास जोरात बाहेर पडला. 

"दुखतंय?"

"करा तुम्ही तुमचं, मॅडम."

तिने एक पातं दंडाच्या हाडाच्या रेषेत धरलं, दुसरं मनगटाच्या दिशेने. हात पूर्ण सरळ झाला तर काटा शून्यावर येतो. जितका अडतो तितके अंश तो शून्याच्या अलीकडे राहतो. एकदा घेतलेलं माप हे माप नसतं, असं तिला शिकवलं होतं, म्हणून तिने तीनदा घेतलं. दर वेळी हात सोडून दिला, दर वेळी तो आपोआप पोटाशी गेला, दर वेळी पुन्हा उघडला.

पहिल्यांदा चव्वेचाळीस. दुसऱ्यांदा एक्केचाळीस. तिसऱ्यांदा एक्केचाळीस.

सरासरी बेचाळीस अंश. सात महिन्यांपूर्वी याच कोपराचं माप सहा होतं.